दुसरी असून शेवटी

बायको : पण मुळात खडूने लिहिलंतच कशाला?

नवरा : हाताशी तोच होता. तुझ्या मशीनवर पडलेला.

बायको : कपड्याचा खडू आहे तो. झटकला की जावा, यासाठीच असतो. तीस वर्षं शिवतेय मी. खडूची रेघ दिसली की माझा हात मला न विचारता झटकून मोकळा होतो.

नवरा : इंजिनावरची रेघसुद्धा?

बायको : तुम्ही चहा पीत होतात, म्हटलं तोवर जरा पुसून ठेवावं. मदत म्हणून.

नवरा : मदत. प्लगांना ओळीने ठिणगी वाटणारा तो जुना डिस्ट्रिब्युटर कसा बसला होता त्याची खूण, आणि कुठली वायर टोपीच्या कुठल्या भोकात जाते त्याचे चार आकडे. एका फडक्यात सगळं स्वच्छ. आता हा नवा मी बसवू कसा?

बायको : पुस्तक आणलंत ना तुमच्या लायब्ररीतून? त्यात बघा की.

नवरा : बघितलं. काढायचा कसा, ते सहा पानं सांगितलंय. बसवण्याबद्दल एकच ओळ. "काढण्याच्या उलट क्रमाने बसवावा."

बायको : मग काढताना काय काय केलंत ते आठवा.

नवरा : काढताना मी खडूने खुणा केल्या.

बायको : बरं, टोमणे पुरे. अंदाजाने बसवून बघितलात का?

नवरा : दोनदा. पहिल्यांदा नुसतीच घरघर. दुसऱ्यांदा फाडकन आवाज झाला. ते मांजर बघ, अजून भिंतीवरून उतरलेलं नाही.

बायको : मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवा. चार पैसे जातील, पण डोक्याची कटकट जाईल.

नवरा : सकाळीच विचारलं. त्याला म्हटलं डिस्ट्रिब्युटर, तर तो म्हणाला, कशाचा? गाडीचं वय सांगितलं, तर म्हणाला, माझ्यापेक्षा मोठी आहे, नमस्कार सांगा. त्याच्याकडच्या गाड्यांना हा प्रकारच नसतो. गावात या गाडीचं काम येणारा माणूस एकच उरलाय, आणि त्याचं नाव काढायचं नाही असं तूच म्हणतेस.

बायको : म्हणतेच. भाऊ असला तरी नट्याच्या गॅरेजात ही गाडी जाणार नाही. बाबा गेल्यावर आईसमोर ठरलंय. गॅरेज त्याला, हत्यारं त्याला, बाबांची गाडी मला. आणि ज्या दिवशी नट्याला तिच्या दुरुस्तीला हात लावावा लागेल, त्या दिवसापासून गाडी त्याची.

नवरा : अगं, हसत म्हणाला होता तो.

बायको : हसत म्हणाला, पण म्हणाला ना? आणि मीही तोऱ्यात हो म्हटलं. सगळ्यांना वाटून उरेल ते मला, ही आमच्या घरची जुनीच रीत. आंघोळीच्या गरम पाण्यापासून तेच. बाबांची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे. मी ती सोडणार नाही.

नवरा : हं. एक सांगू का? रागावणार नाहीस ना?

बायको : असं विचारलंत म्हणजे रागावण्यासारखंच असणार.

नवरा : मी त्याला फोन केलाय.

बायको : कधी?

नवरा : तू फडकं फिरवलंस, त्यानंतर साधारण पाच मिनिटांनी. नुसतं विचारायला केला होता, देवाशपथ. तो म्हणाला, फोनवर टायमिंग लागत नसतं भाऊजी, येतोच. आणि दोरी घेऊन येतो.

बायको : ओढून न्यायची दोरी?

नवरा : वाळत घालायची नसावी.

बायको : सरका बाजूला. तो प्लग काढायचा पाना द्या. हा नव्हे, लांब नळीचा.

नवरा : तू करणार?

बायको : मेकॅनिकची मुलगी आहे मी.

नवरा : मेकॅनिकची मुलगी खरी, पण तुला तर बाबा गॅरेजात पाऊल टाकू द्यायचे नाहीत.

बायको : "मुलीचे हात काळे होतात." माहीत आहे. पण स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजातच उघडायची. भांडी घासता घासता बघायची मी. हा बघा, पंख्याकडचा पहिला प्लग निघाला. आता या भोकावर मी अंगठा ठेवते. तुम्ही खाली तो मोठा पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. हळू म्हटलं. विहिरीचा रहाट नाही तो.

नवरा : फिरवतोय. काय व्हायला हवं?

बायको : आतून वारा येऊन अंगठा ढकलला जायला हवा. थांबू नका... आला. आला वारा. आता पुलीवरची खाच त्या टोकासमोर येऊ द्या.

नवरा : आली.

बायको : बस, आता त्याला हलवू नका. द्या तो नवा इकडे. असा सोडायचा आत. बसला. आता हा मधला रोटर ज्या भोकाकडे तोंड करून उभा आहे, तिथे एक नंबरची वायर.

नवरा : तू हे मला सकाळी का नाही सांगितलंस?

बायको : सकाळी तुमच्याजवळ पुस्तक होतं.

नवरा : बरं, एक झाली. पुढच्या तीन? ओळीनेच ना, दोन, तीन, चार?

बायको : नाही. ओळीने नसतं, एवढं पक्कं ठाऊक आहे. पण खिडकीतून बाबांची पाठ दिसायची, वायरी नाही दिसायच्या.

नवरा : पुस्तकात असेल. हं, हे बघ, "वायरींचा क्रम आकृती नऊप्रमाणे." आणि आकृती नऊ...

बायको : काय झालं?

नवरा : कुणीतरी फाडून नेलीय. ग्रंथपाल मी, आणि माझ्याच पुस्तकाचं पान. काय बोलणार.

भाऊ : काही बोलू नका भाऊजी. गाडी कुठाय ते दिसतंय. पण बॉनेटखाली कोण आहे, ते कळेना.

बायको : मी आहे. आणि नट्या, हात खिशात ठेव.

भाऊ : ठेवले. आल्या आल्या हा पाहुणचार? डिलको बदलताय म्हणे.

नवरा : डिस्ट्रिब्युटर.

भाऊ : तुमच्या पुस्तकात असेल. आमच्याकडे डिलको. कुणी बसवला हा?

बायको : मी. का?

भाऊ : नाही, काही नाही. अंगठा लावून बसवलास?

बायको : हो.

भाऊ : मग बरोबर असणार. अडलंय कुठे?

नवरा : वायरींच्या क्रमापाशी.

बायको : त्याला सांगू नका. त्याने वायरीला बोट जरी लावलं, तरी गाडी गेली.

भाऊ : खरंय. बोललो आहे मी तसं, आणि शब्द फिरवायची सवय नाही आपल्या घरात. दोरीही आणलीय. हात लावला तर घेऊन जाईन.

नवरा : मेव्हणे, जरा माणुसकी दाखवा.

भाऊ : मी उभा राहतो नुसता. सावली बरी आहे इथे. अक्का, तुला आठवतं का, आपण लहानपणी आंघोळीला कसे जायचो?

बायको : आत्ता आंघोळ कुठून काढलीस?

भाऊ : सहज. नंबर कसे असायचे?

बायको : ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी ताई. मग तू, बोंबलत. मग धाकटी. आणि सगळ्यांचं झाल्यावर मी. दुसरी असून शेवटी. तोवर बंबातलं पाणी गार झालेलं. थंडीतसुद्धा कुणाला कधी वाटलं नाही, की आज हिला आधी जाऊ द्यावं.

भाऊ : ताई कितवी?

बायको : पहिली. डोकं फिरलंय का तुझं?

भाऊ : मी?

बायको : तिसरा. धाकटी चौथी. मी दुस...

नवरा : एक, तीन, चार, दोन.

भाऊ : मी काही सांगितलेलं नाही. मी आंघोळीबद्दल बोललो.

बायको : बाबा आम्हाला इंजिनाच्या क्रमाने आंघोळीला पाठवायचे?

भाऊ : गॅरेजात पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एवढंच पाठ करून घेतलं. म्हणाले, घरात आहे तसंच. ताई, तू, धाकटी, अक्का. अक्का पेटली की फेरी पुरी झाली.

बायको : मला वाटायचं, माझ्यावर जीव कमी, म्हणून मी शेवटी. इतकी वर्षं मी तेच धरून बसले रे. ते गेले तेव्हाही माझ्या मनात तेच होतं.

भाऊ : अगं, त्या माणसाला दुसरा क्रमच येत नव्हता. घरात चार, इंजिनात चार. मला वाटलं, तुला माहीत असेल.

बायको : मला कोण सांगणार? मी खिडकीत.

नवरा : वायरी लावायच्या ना? पण उजवीकडून की डावीकडून?

बायको : रोटर फिरतो त्या बाजूने. अंगावर बाण असेल बघा.

नवरा : आहे, कोरलेला. खडूचा नाही, तेव्हा तुला पुसता येणार नाही.

बायको : द्या त्या वायरी. ही एक. ही तीन. ही चार. आणि ही दोन. पहिला प्लग लावला. बसा आत, किल्ली फिरवा.

नवरा : फिरवतो. मांजराला सांगा.

[इंजिन दोनदा घरघरतं, मग धरतं.]

नवरा : झाली. झाली सुरू!

बायको : गप्प बसा जरा, ऐकू द्या. खोकतेय. डिलको थोडा फिरवायला हवा. इकडे नाही... हं. केसभर अजून. आता बस. आता आवळते.

भाऊ : कानाने लावलंस टायमिंग?

बायको : मग कशाने लावणार? खिडकीतून दिसायचं नाही, ऐकू तर यायचं. बाबा असाच आवाज झाला की पाना खाली ठेवायचे.

भाऊ : हो. असाच. मला टायमिंगचा दिवा लावून बघावं लागतं. म्हणजे मी दोरी उगाच आणली.

बायको : दोरी राहू दे तुझ्याकडे. पण शनिवारी मी येणार आहे तुझ्या गॅरेजात. गाडी घेऊन नव्हे, नुसती. आतून बघायचंय मला एकदा ते.

भाऊ : ये. जुने कपडे घालून ये.

नवरा : चला, हात धुऊन घ्या, मग चहा. पाणी तापवत ठेवलंय, पण पातेलं लहान आहे. कोपरापर्यंत ग्रीस आहे माझ्या, गरम पाणी एकालाच पुरेल.

भाऊ : तुम्ही थांबा, भाऊजी. आधी अक्का.