लाल बॅग विकाची नाही

—नाही नाही, ते लाल नाही भाऊ, ते सोडून द्या, ते विकाची नाही. खाली ठेवा. हाव, तशीच, टॅग भिंतीकडं करून. तुम्ही हे निळी पाहा — चार चाकं, चारही दिशेनं पळते, आपल्या नागपूरच्या बर्डीच्या रस्त्यावर चालवून पाहा पायजे तं, इथं टिकली तं सिंगापूरले काय होते तिले? सिंगापूरच म्हटलं ना तुम्ही? बरं. आन् आले कुठून? मौद्याहून? अरे बाप्पा, एवढ्या उन्हात! मंग बसा ना आरामानं, पंख्याखाली बसा, काय घाई आहे. पहिल्यांदाच चालले ना बाहेर? — समजते ना, न सांगता समजते. पहिल्यांदा जाणारा माणूस दुकानात आल्या आल्या सगळ्यात मोठ्या बॅगेवर हात ठेवते. तुम्हीही तेच केलं. आता माह्यं ऐका. तीस वर्षं झाले हा नत्थूजी बॅगा विकून राहिला, बॅगेसोबत सल्ला फुकट, आन् आजपर्यंत एकही गिऱ्हाईक सल्ला परत कराले आलं नाही.

पहिली गोष्ट वजन. तिकिटावर वीस किलो लिहिलं तं वीसच, तिथं ‘असू द्या ना साहेब’ चालत नाही. घरीच मोजून घ्या — कसं मोजान? काट्यावर पहिले तुम्ही एकटे उभे राहा, मंग बॅग उचलून उभे राहा, दोन्हीची वजाबाकी. एवढं सोपं आहे, पण लोकं करत नाहीत, आन् मंग विमानतळावर, सगळ्यायसमोर, बॅग उघडून फरशीवर बसतात, आन् आतून काय निघते तं पाच किलो चिवडा! अरे चार दिवसांसाठी चालला ना बाबू, तिथं काय दुष्काळ पडला काय? न्या, मी नाही म्हणत नाही, खायाचं न्याच, पण तेलाचं लोणचं नोको. एका बाईनं आंब्याचं लोणचं नेलं होतं, बरणीले तीन रबर लावून — तिच्या नवऱ्यानं आठ दिवस पिवळे शर्ट घातले. सुकं खोबरं तं मोठ्या बॅगेत ठेवूच नोका, काढून घेतात, त्यात तेल राहते म्हणतात, पेट घेते. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरची चिठ्ठी सोबत. एक जोडी कपडे — तेही हातातल्या पिशवीत, कारण बॅग कधी कधी तुमच्यासोबत येत नाही, ते आपली दुसऱ्याच देशात फिरून येते. काळी? काळी तं अजिबात नोको. तिथं पट्ट्यावर चाळीस काळ्या बॅगा गोल गोल फिरून राहतात, आन् चाळीस माणसं दुसऱ्याच्या बॅगेचा कान धरून भांडून राहतात. म्हणून तं निळी देऊन राहिलो. — लाल? पुन्हा लाल! अहो, सांगितलं ना. चांगली दिसते, मलेही माहीत आहे चांगली दिसते, मीच निवडली होती तिच्यासाठी — म्हणजे दुकानासाठी. दुकानदारच निवडते ना माल, दुसरं कोण निवडन? जाऊ द्या ते. चहा घेता? नाही? बरं.

आता कागदं. पासपोर्टाची तारीख पाहा, सहा महिने बाकी पायजेत. झेरॉक्स काढा, एक बॅगेत, एक घरी, आन् मोबाइलात फोटो. आन् सगळ्यात मोठी गोष्ट, हे गाठ बांधून ठेवा — तिकिटावरचं नाव आन् पासपोर्टावरचं नाव. मिसेसही चालली ना सोबत? तिच्या पासपोर्टावर काय नाव आहे? — असं नाही, ते मले माहीत आहे तुम्ही तिले काय म्हणता, पासपोर्टावर काय आहे? उघडून पाहिला? नाही ना! नवऱ्यायले वाटते आपल्याले माहीतच आहे. आपल्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलवतात, नाही का? ताटात तांदूळ, तांदळात अंगठीनं नाव लिहाचं, सगळे वाकून वाकून पाहतात, पेढे वाटतात, झालं, नवीन नाव. पण शाळेच्या दाखल्याले थोडी माहीत आहे पेढे वाटले म्हणून? म्हणून म्हणतो, आज घरी गेले की पहिले तिचा पासपोर्ट मागा, उघडा, वाचा, अक्षर अक्षर वाचा. मोबाइलवर तिकीट काढताना नुसत्या आठवणीवरून नाव टाकू नोका.

आमचं एक गिऱ्हाईक होतं. नाव नाही सांगत. साठीचा माणूस, इथंच बर्डीवर दुकान — कायचं? असंच, सामानसुमानाचं. सकाळी फिरायले जाणारे चार जोडपे होते, त्याइनं ठरवलं, थायलंडले जाऊ. दोन वर्षं झाले असतील. व्हिसा लागत नव्हता, म्हणजे जाईपर्यंत कोणी पासपोर्ट पाहाले मागितलाच नाही. यानं आपलं मोबाइलवर बसून दोघाचं तिकीट काढलं, स्वतः, मोठा हुशार! बायकोचं नाव टाकलं कौशल्या. काहून नाही टाकन? आधार कार्डावर कौशल्या, राशन कार्डावर कौशल्या, लग्नात याच्या आत्याबाईनं काढलेलं नाव कौशल्या. नागपूरहून मुंबईले तं आधारवर गेले, काही त्रास नाही, विमानात संत्रा बर्फी वाटली, खिडकीची जागा बायकोले दिली. आन् मुंबईले त्या मोठ्या काउंटरवर पोरीनं पासपोर्ट उघडला, तिकीट पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला, आन् म्हणते, सर, कौशल्या कोण आहेत? मी म्हटलं, हे काय — म्हणजे तो म्हणे, हे काय, उभी आहे ना. पोरगी म्हणते, या तर माया आहेत.

पासपोर्ट बायकोनं शाळेच्या दाखल्यावर काढला होता, माहेरच्या नावानं. पारशिवनीच्या शाळेचा, दहावीचा. एकटीच गेली होती ऑफिसात, त्या दिवशी दुकानात माल उतरून राहिला होता म्हणून नवऱ्याले सवड नाही. एका चकरीत काम झालं नाही, कागद जुळत नव्हते, प्रतिज्ञापत्र करा, हे आणा, ते आणा — चार चकरा मारल्या तिनं. आधारवरचं नाव टाकलं असतं तं एकाच चकरीत झालं असतं. नाही टाकलं. काहून नाही टाकलं? तेच तं! मी विचारलंच नाही कधी. पासपोर्ट घरी आला, तिनं टेबलावर ठेवला, दोन दिवस तिथंच होता, मी त्याच्यावर चष्मा ठेवला, पेपर ठेवला, पण उघडला नाही. आन् तिथं काउंटरवर ओरडून राहिलो, पस्तीस वर्षांपासून बायको आहे माही, मले तिचं नाव माहीत नाही काय?

हाव. माही. — बसा, बसा, उठू नोका. गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नव्हतं, मीच तो हुशार.

आन् तिनं काय म्हणावं? मागं लाइनीत पन्नास माणसं, आमच्यासोबतचे मधुकरराव आन् प्रेमिलाताई पुढं जाऊन वळून वळून पाहून राहिले, आन् हे बाई शांत. त्या पोरीले म्हणते, बरोबर आहे बाई, मी माया आहो, कौशल्या यायच्या घरी असन. पोरगी हसली. मले काही हसू आलं नाही. नाव बदलवता येत नाही म्हणे, पूरंच वेगळं आहे, दुसरं तिकीट काढा म्हणे, आन् त्या विमानात जागा कुठची? मंग हे मले म्हणते, जा तुम्ही. मंडळी थांबली आहे, जा. — मंग काय? मंग गेलो ना मी! पाहा, असं पाहू नोका माह्याकडं. गेलो. आता बायको ‘जा तुम्ही’ म्हणाली तं जायाचं नसते, हे साठ वर्षाच्या माणसाले कोणी सांगाव? लोकाले मी वीस सल्ले देतो, हा एक मले कोणी दिला नाही. ते एकटी, हातात हे लाल बॅग, मुंबईहून वापस आली. आन् मी विमानात बसून तिनं बांधून दिलेल्या दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीसोबत. सगळ्या खाल्ल्या. दोघायच्या होत्या.

थायलंड? चांगलं आहे, समुद्र आहे, गरमी आपल्यापेक्षा कमीच. पण मधुकररावनं फोटो काढले ना, त्या सगळ्या फोटोत मी एका बाजूले सरकून उभा आहो. सवय! बाजूची जागा खाली. फुलाच्या बगिच्यात खाली, बोटीवर खाली, सोन्याच्या देवळासमोर खाली. प्रेमिलाताई म्हणे, भाऊजी, मधात या ना. मी मधात जाऊन उभा राहिलो, फोटो निघेपर्यंत पुन्हा सरकलो. घरी आलो तं वाटलं भांडन, बोलन, दोन दिवस जेवाले देणार नाही. काही नाही! पाणी दिलं, कसं झालं विचारलं, आन् ते लाल बॅग दुकानात आणून ठेवली — म्हणे दुकानातली होती, दुकानात राहू द्या. त्या दिवसापासून थायलंड नाही, विमान नाही, एक शब्द नाही. भांडली असती तं बरं झालं असतं भाऊ, खरं सांगतो. भांडण झालं की मिटते तरी.

म्हणून आता पुन्हा तिकीट काढून राहिलो. हे पाहा, मोबाइल पाहा, खोटं नाही बोलत. दोघंच, मधुकरराव नाही, कोणीच नाही. नाव टाकलं आहे — वाचा. माया. या वेळेस नंबरही पासपोर्टातून पाहूनच टाकीन म्हटलं, आन् तिथंच अटकलो, पासपोर्ट तिच्याजवळ आहे. मागाव लागन. मागायचा तं हाक माराव लागन. तुम्ही म्हणान, त्यात काय? अहो, मी तिले आजपर्यंत ना कौशल्या म्हटलं ना माया. मी ‘अवं’ म्हणतो! पाणी दे वं, ऐकलं काय वं. इतके पेढे वाटून ठेवलेलं नाव, मी एकदाही वापरलं नाही. आता एकदम माया म्हणाचं म्हणजे जिभेले लाज वाटते. काल या निळ्या बॅगेले म्हणून पाहिलं. बॅगेले जमते. आठ दिवसांपासून रोज ठरवतो, आज म्हणीन. ते रोज एक वाजता डबा घेऊन येते, आन् मी रोज विचारतो, भाजी कायची आहे?

किती वाजले? एकले पाच कमी. म्हणूनच तुम्हाले बसवून ठेवलं, खरं सांगू? एकट्यानं होत नाही. तिसरं माणूस असलं की मी जरा बरा बोलतो, गिऱ्हाईकासमोर सवय आहे ना. लाल बॅगेचा टॅग वाचला ना तुम्ही? मी पाहिलं तुम्ही वाचला. पहिले कौशल्या होतं, मी खोडून माया लिहिलं, आठ दिवस झाले, भिंतीकडं तोंड करून ठेवतो म्हणजे तिले दिसू नये. म्हटलं पहिले तोंडानं म्हणीन, मंग दाखवीन — आली. ते पाहा, छत्रीवाली. तुम्ही काही बोलू नोका, चेन उघडून पाहून राहिल्यासारखं करा. 

ये वं, ये. ऊन किती आहे बाहेर, रिक्षानं येत जा म्हटलं तं ऐकत नाहीस. हे भाऊ मौद्याचे, सिंगापूरले चालले, बॅग पाहून राहिले. ठेव डबा. मी काय म्हणत होतो — काही नाही. भाजी कायची आहे? — नाही, थांब. भाजी राहू दे. थांब ना जरा. माया.

— कोण माया म्हणून काय विचारते? तू. तूच माया. — हाव, मीच म्हटलं, या भाऊनं नाही म्हटलं. — पुन्हा? मोठ्यानं? अवं बाजूचे दुकानदार ऐकतील — बरं बरं, डबा उचलू नको. माया! झालं? ऐकलं साऱ्या बर्डीनं. आता माह्यं ऐक. थायलंडचं तिकीट काढून राहिलो, तुह्या नावाचं, खऱ्या नावाचं, तू आली तं मी जाईन, नाही आली तं मीही नाही जात, या वेळेस ‘जा तुम्ही’ म्हणाली तरी नाही जात. फक्त पासपोर्ट पायजे, उद्या कपाटातून काढून आणजो — काय काढून राहिली पिशवीतून? हा — हा पासपोर्ट इथं काय करते? डब्याखाली? कधीपासून ठेवते? — मुंबईहून वापस आली तेव्हापासून? रोज? म्हणजे दोन वर्षं हा रोज एक वाजता या काउंटरवर येऊन राहिला, आन् मी तुले भाजी विचारून राहिलो —

भाऊ, तुम्ही जा आता. नाही, दुकान बंद आहे, निळी उद्या घेऊन जाजा. माहीत आहे तुम्ही मौद्याहून आले, उद्या पुन्हा या. आन् घरी जाऊन पहिले मिसेसचा पासपोर्ट उघडजा. जाता जाता ते शटर जरा खाली ओढून द्या.