श्रीपतअण्णांच्या सेटमधला मेलेला व्हॉल्व्ह

बसा, बसा. माइक जरा खाली करा की. हां, असू दे आता.

जमलेली मंडळी, मेधा, बापू... बापू, मागं खांबाआड जाऊन बसलायस, दिसतंय मला. बस तिथंच. मधेच उठून जाऊ नको म्हणजे झालं.

मला भाषण येत न्हाय. त्यात समोर अण्णांचा फोटो, त्याला हार. खरं सांगतो, परवापर्यंत मी आज यायचंच न्हाय असं ठरवलं होतं. आणि आलोच तर वेगळंच बोलणार होतो. हितं उभं राहून एका माणसाचं नाव घेणार होतो, चोर म्हणून. तो माणूस आत्ता या सभागृहात बसलाय. घाबरू नका. सगळं सांगतो.

मी वसंत. जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली. गाडीत चढलो की पहिलं बघायचो, कोण उगाच खिडकीबाहेर बघतंय. ती सवय अजून गेली न्हाय. आत्ताबी तुमच्याकडं तसंच बघतोय, राग मानू नका. माझ्या आधी जे बोलले ते सगळे म्हणाले, अण्णा देवमाणूस, अण्णा सरळमार्गी, अण्णांनी कधी कुणाला फसवलं न्हाय. साफ खोटं हाय. फसवलंय. मला तर धडधडीत फसवलंय.

अण्णा शाळेत भूगोल शिकवायचे, हे तुम्हाला ठाऊक हाय. पण मंगळवार पेठेतल्या त्यांच्या माडीवर काय चालायचं, ते थोड्यांनाच ठाऊक. माडीवर भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर रेडिओ. जुने, लाकडी पेटीचे, व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बाटली, बल्बासारखी. आतली तार तापून लाल झाली की मग रेडिओ बोलायला लागतो. मिनिटभर वाट बघायला लागते. अण्णा म्हणायचे, "वसंता, आधी त्याला जागा तर होऊ दे."

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथं. अण्णा, मी आणि हा बापू. बापूचं शाहूपुरीत मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान हाय. तिघांनाबी एकच खुळ. भंगारातनं, कुणाच्या माळ्यावरनं, कुरुंदवाडच्या बाजारातनं सेट आणायचे, धूळ झाडायची, वायरी बदलायच्या आणि बोलतोय का बघायचं. बंद पडलेला सेट आम्ही कधी थेट प्लगात घालत न्हाय. मधी एक मोठा बल्ब जोडायचा. आत काही जळकं असलं तर सेट वाचतो, बल्ब भक्कन पेटतो. अण्णा त्या बल्बाला माझं नाव ठेवून बसले होते. म्हणायचे, "लाव रे वसंताला. आधी संशय घेईल, मग करंट सोडेल."

आता आमच्या धंद्यातली... धंदा कसला, छंदातली म्हणा, एक गोष्ट सांगतो. असले व्हॉल्व्ह आता आपल्याकडं कुठं बनत न्हाईत. चांगला व्हॉल्व्ह मिळणं म्हणजे नशीब. त्यामुळं आमच्यात कुणाचा कुणावर इश्वास न्हाय. सेट दुरुस्तीला दुसऱ्याकडं द्यायचा तर प्रत्येक व्हॉल्व्हच्या काळ्या बुडावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. परत आला की झाकण काढायचं, ठिपके बघायचे, मग चहा प्यायचा. माझा रंग लाल. माझी बायको शालन, तिचं नखपॉलिश. बापूचा पिवळा. अण्णांचा हिरवा, फाटकाला मारून उरलेला ऑइलपेंट. ही पद्धत कुणी सुरू केली? मीच. आणि कुणी कधी वाईट मानलं न्हाय. अण्णा तर स्वतः पेचकस माझ्या हातात द्यायचे. "घे तपासनीस, तिकीट बघ."

हा समोर टेबलावर ठेवलाय, हा अण्णांच्या वडिलांचा सेट. माडीवरचा सगळ्यात जुना. काचेवर गावांची नावं हायेत बघा, रंगून, कोलंबो, लाहोर. अण्णा वर्गात न्हेऊन पोरांना दाखवायचे. अलीकडं काही वर्षं त्यांनी तो लावला न्हाय. विचारलं की म्हणायचे, "चालतोय रे, पण म्हातारा झालाय, उगाच कशाला त्रास?" आम्हाला खरं वाटलं.

अण्णा गेले. त्यांची लेक मेधा पुण्यास्नं आली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "काका, शोकसभेत भाषणं नकोत फार. आजोबांचा रेडिओ लावू या. बाबांना आवडेल." मी म्हणलं, लावतो. शब्द दिला पोरीला.

माडीवर गेलो. बल्ब जोडला, हळूहळू करंट सोडला. मागनं बघतोय, एक पेटला, दुसरा पेटला, सगळे पेटले. एक काळाच. आवाज न्हाय, खरखर न्हाय, काही न्हाय. उपसून हातात घेतला. मेलेला. आतली तार तुटलेली. बरं, तुटली तर तुटली. पण बुडाला हिरवा ठिपका न्हाय! ब्लेडनं खरवडलेलं बूड. स्वच्छ, नीट, मुद्दाम.

सांगा मला, खूण कोण खरवडतो? ज्याला लपवायचंय तो. चांगला व्हॉल्व्ह काढायचा, मेलेला घालायचा, खूण पुसायची. माझ्या डोक्यात सरळ बसलं, अण्णा दवाखान्यात असताना कुणीतरी हात मारलाय. आणि माडीची किल्ली कुणाकडं होती? झाडांना पाणी घालायला? बापूकडं.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे, आणि मी बापूला बाजूला घेतला. बाजूला म्हणजे काय, माझा आवाज तुम्हाला ठाऊक हाय. निम्म्या घाटानं ऐकलं. म्हणलं, "बापू, व्हॉल्व्ह कुठं हाय? अजून माती वाळली न्हाय आणि तू..." पुढचं हितं बोलत न्हाय. बापू पांढराफटक पडला. मला वाटलं, सापडला! चोर असाच पांढरा पडतो. एवढंच बोलला तो, "वसंता, माझ्या दुकानात ये, घरात ये, सगळे सेट उघडून बघ. पण पहिलं आपल्या घरचं झाकण उघड. सगळ्यांना तपासत फिरतोस, स्वतःचं कधी बघितलंस?"

आग लागली मला. तसाच घरी गेलो. म्हणलं, उघडतो, आणि फोटो काढून त्याच्या तोंडावर मारतो.

आमच्या घरी एकच सेट चालू असतोय. शालनच्या माहेरचा, कुरुंदवाडचा. अर्धांगवायू झाल्यापासनं ती अंथरुणालाच हाय. टीव्हीनं तिचं डोकं दुखतं. सकाळी भजनं, संध्याकाळी बातम्या, मधी गाणी. उशाशी हा रेडिओ बोलला की तीबी बोलते, न्हायतर दिवसभर भिंतीकडं तोंड. महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तिला उचलून न्हेलं, रेडिओ राहिला. पाणी ओसरल्यावर बघतोय तर चिखलानं भरलेला. पोत्यात घालून अण्णांकडं टाकला. म्हणलं, अण्णा, हा गेला तर माझं घर गप होतंय. अण्णा म्हणाले, "बघू की." पंधरवड्यानं निरोप आला, न्हे तुझा सेट. बोलत होता! मी विचारलं, काय गेलं होतं? "वायरी कुजल्या होत्या, बदलल्या. व्हॉल्व्ह सगळे तुझेच." आणि पेचकस दिला हातात. आणि मी... मी तपासलं, मंडळी. त्यांच्या समोर एकेक बूड बघितलं. सगळे लाल. चहा प्यालो आणि सेट घेऊन आलो.

परवा तेच झाकण परत काढलं. सगळे लाल. शालनला म्हणलं, बघ, मी स्वच्छ हाय. ती पडल्या पडल्या म्हणाली, "खिडकीत न्हेऊन बघा की नीट." उजेडात न्हेलं. एक ठिपका जरा जाड वाटला. बाकीचे पातळ, माझ्या हातचे. हा गुबगुबीत. नखानं खरवडला. लाल पापुद्रा निघाला.

खाली हिरवा.

अण्णांनी आपल्या वडिलांच्या सेटमधला व्हॉल्व्ह काढून माझ्या सेटला बसवला. माझा मेलेला आपल्या सेटमध्ये घातला, जागा रिकामी दिसू नये म्हणून. त्याचा लाल खरवडला. आणि आपल्या हिरव्यावर लाल लावला, कारण त्यांना ठाऊक होतं, हा वसंता झाकण काढल्याशिवाय चहा पिणार न्हाय. नखपॉलिश कुठनं आणलं? मेधा म्हणते, ती तेव्हा पुण्यास्नं आली होती, तिच्याकडनं मागून घेतलं होतं. ती हसली होती, बाबा, तुम्हाला कशाला? बाटली खिशात घालून माडीवर गेले. मग मी परत माडीवर जाऊन तो मेलेला व्हॉल्व्ह भिंगातनं बघितला. बुडाच्या खाचेत लाल कण होता. मी आधी बघितला न्हवता, कारण मी हिरवाच हुडकत होतो.

बापू, सगळ्यांच्या देखत सांगतो. तू चोर न्हाईस. घाटावर ज्यांनी ज्यांनी माझं ऐकलं त्यांनी हेबी ऐकावं. चुकलं माझं. तू दोन कानफटात मारल्यास तरी चालंल, पण रविवारी ये.

आज सकाळी आमच्या सेटमधला तो हिरव्या ठिपक्याचा व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून मेधाकडं गेलो. म्हणलं, घे पोरी, तुझ्या आजोबांचा हाय, बसवतो, संध्याकाळी सभेत सेट बोलंल. तिनं हातात घेतला, बघितला. मग विचारलं, "काका, हा इथं बसवला तर तुमच्या घरचा बंद पडेल ना?" म्हणलं, पडंल. "दुसरा मिळेल?" म्हणलं, मिळाला असता तर अण्णांनी आपला काढला असता व्हय? तिनं रुमाल परत बांधला आणि माझ्या खिशात घातला. "घरी न्या. काकूंच्या बातम्यांची वेळ होईल."

घरी जाऊन तो परत शालनच्या सेटला बसवला, म्हणून हा सेट हितं नुसता ठेवलाय. दिलेला शब्द मला पाळता आला न्हाय.

आणि अजून एक. माझा संशय गेलेला न्हाय, वाढलाय. तुमच्यातले कितीजण अण्णांकडनं सेट दुरुस्त करून घेऊन गेलेत, मला तोंडपाठ हाय. कसबा बावड्याचे पाटील, तुम्ही खाली बघू नका. तुमचा सेट "नुसता साफ केला", असंच सांगितलं होतं ना? नेसरीचं पावणं, तुमचाबी? माडीवर एवढे सेट हायेत. मी एकच उघडलाय. बाकीचे उघडायचं मला धाडस होत न्हाय. घरी जावा. मागचं झाकण काढा. तुमचा ठिपका नखानं खरवडून बघा. हिरवा निघाला तर काढू नका, तसाच असू दे. फक्त मेधाला येऊन सांगा. तिला कळू दे तिचा बाप किती खोटारडा होता.

आता उभं राहू या. दोन मिनिटं. मी शालनला सांगून आलोय, आज ह्या वेळेला रेडिओचा आवाज मोठा ठेव. तिकडं तो बोलत असंल. हितं आपण गप राहू.

अण्णा, नमस्कार.