आवाज बंद ठेवून

नाही, त्या छोट्या टेपा नाही काका, त्या खोक्यात परत ठेवा. बाकी सगळं न्या – कॅसेटी, डीव्हीडी, हवं तर कपाटसुद्धा उचला. – हो, फोनवर बाबा ‘सगळं’ म्हणाले, मी शेजारीच होतो ना. पण सगळं म्हणजे सिनेमे. या टेपांवर सिनेमा नाही. – मग काय आहे? कपाट आहे. हसताय काय, खरंच, हेच कपाट. वर्षाच्या शेवटच्या रविवारी आमचे तीर्थरूप कॅमेरा घेऊन वरच्या कप्प्याच्या डाव्या टोकाला सुरुवात करायचे आणि मुंगीच्या पावलांनी खालच्या कप्प्याच्या उजव्या टोकाला पोचायचे. एकेक नाव वाचता आलं पाहिजे. कशाला? तर संग्रह किती वाढला ते कळावं म्हणून. लोक पोरांची वाढ शूट करतात, आमच्याकडे कपाटाची. माझा एकदा गुडघा आला कोपऱ्यात, तर पुढच्या वर्षी मला आधीच बाहेर पिटाळलं.

हळू बोलू या जरा, आत झोपलेत. डोळे गेल्यापासून कान फार तिखट झालेत. – काचबिंदू. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणून तर विकतायत, नाहीतर तुम्हाला या खोलीत पाऊल टाकू दिलं असतं? कॉलेज अर्ध्यात सोडून आलो तेव्हा या दारातच मला म्हणाले, “माझ्या कपाटात एकही मालिका अर्धवट नाही. घरात तू एकटा निघालास.” आई समोरच होती. पोरगा नापास झाला म्हणून आला, असं अजून सांगतात लोकांना. सांगू देत. तिला घेऊन हॉस्पिटलात रांगेत बसायला कुणीतरी हवं होतं, ते कपाट थोडंच जाणार होतं.

तर टेपांचं – ट्यूबचा उजेड प्लास्टिकवर चमकतो, नावं दिसत नाहीत. म्हणून टेबललॅम्प धरायला आई. कॅमेऱ्याच्या मागे, त्यांच्या चालीनं सरकत. इतकी वर्षं घरात कॅमेरा, आणि ती गेली तेव्हा तिचा चालताबोलता एक तुकडा नाही. मी सगळ्या टेपा पालथ्या घातल्या. चेहरा नाहीच. एका ठिकाणी हात आहे, ओला – पुढे येतो, तिरकी झालेली कॅसेट सरळ करतो, जातो. बस्स. पण आवाज आहे हो. प्रत्येक टेपेत. सुरुवातीला गुणगुणते. मग ‘झालं का?’ मग ‘अहो, दूध उतू जाईल.’ मग खोकला. आधी नुसता घसा साफ केल्यासारखा, पुढच्या वर्षी जरा खालून, मग दर कप्प्याला. शेवटच्या टेपेत दिवा हलतो, सगळी नावं पाण्यात पडल्यासारखी थरथरतात, आणि बाबा म्हणतात, “हलवू नकोस.” ती म्हणते, “हात भरून आलाय हो. बाकीचं उद्या घ्या.” उद्या कसलं घेतात. पुरं केलं त्यांनी, खालच्या उजव्या टोकापर्यंत.

कपाट वाढत होतं काका, आणि त्याच टेपेवर तिचं दुखणंही वाढत होतं. ओळीनं लावून बघितलं तर आंधळ्यालासुद्धा – जीभ बघा माझी. पण यांना कसं कळलं नाही? कारण ते टेपा आवाज बंद ठेवून बघायचे. नावं वाचायला आवाज कशाला, खोकल्यानं लक्ष जातं, म्हणे. ती यात आहे हे त्यांना अजून माहीत नाही. – सांगू? मी का सांगू? डोळे होते तेव्हा तिच्याकडे बघितलं नाही, कान होते तेव्हा ऐकलं नाही. मी ऐकतो. दुपारी ते आडवे झाले की हेडफोन लावून ऐकतो. रोज, हो, रोज. एवढीच उरलीय, आणि ती माझी आहे. ‘झालं का?’ म्हणते ना, ते मला वाटतं मलाच – जाऊ दे. तुम्ही मोजा तुमच्या डीव्हीडी. – काय? मागे काय?

बाबा.

कधीपासून उभे आहात?

– नाही, तसं नाही, मी आपलं यांना – कुठली? – शेवटची नको? बरं. – गुणगुणते ती? ती पहिलीच आहे. थांबा, भिंत सोडू नका, खुर्ची डावीकडे आहे, डावीकडे. बसा. वायर लावतो टीव्हीला. – हो, बाबा. वाढवतो आवाज.

काका, तुम्ही निघा. बाकीचं उद्या न्या. आणि दार हळू ओढा.