टेबल एक, टेबल दोन

तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत प्रेमचंदशेठच्या पुढं प्रतीक्षा उभी होती. तिचे वडील भागुजी दुसऱ्या टेबलावरून फणफणत परत आले.

"काय म्हणाले, आबा?"

"पयल्याचा शिक्का आना. पयला म्हनतो, दुसऱ्याची सही आना. चौथी फेरी ही! आज दाखला नाय मिळाला तर उद्या पुन्यात तुझा पीएचडीचा प्रवेश गेला!"

"तापू नका हो."

"आन असं काय शिकायचंय गं तुला तिथं?"

"हेच की. सूर्यावर वादळ झालं की धक्क्याची लाट सुटते. विद्युतभारित कण तिच्यात सापडला, की पुढचं चुंबकीय क्षेत्र त्याला मागं टोलवतं, मागचं पुढं. दर फेरीला त्याचा वेग वाढतो."

"मंग जलमभर टोलवत्यात का काय त्याला?"

"नाही. वेग लई वाढला की तो लाटेला आवरत नाही. सुटतो."

"सायबाची खोली कुठली?"

"आबा, चिठ्ठी दिल्याशिवाय तिथं..."

भागुजी टोपी घट्ट बसवून दोन्ही टेबलांच्या मधून सरळ आत गेले.

प्रेमचंदशेठनी आपली फाईल काखेत मारली आणि तेही सरळ आत निघाले. त्यांची सहावी फेरी झाली होती.