आज सकाळची कात

जरा जपून, साहेब — पाय तिकडे नका ठेवू, कात आहे ती. नाही, घाबरायचं काही कारण नाही, आज सकाळचीच आहे, म्हणजे मालक कपडे बदलून गेलेत, असतील इथेच कुठेतरी. तुम्ही घर बघायला आलात ना — बघा की. माझ्या थोरल्याने पाठवलंय म्हणजे त्याने सांगितलंच असेल सगळं: तीन खोल्या, मागे अंगण, नळाला पाणी, आणि एक म्हातारी, तीसुद्धा हलवून मिळेल. सापांचं नसेल बोलला. विसरला असेल बिचारा, कामं फार असतात त्याला, आई विसरायची म्हणजे काय कमी काम आहे?

मी सांगते, मला कुठे जायचंय. या मागच्या दारी. ही लाकडं रचलीत ना, यात धामण असते — सात फूट, माझ्या मनगटाएवढी, पण स्वभावाने गरीब हो, कुठल्याही घरांच्या दलालापेक्षा कितीतरी सरळ. विष नाही, फणा नाही, डोळे हे एवढे, आणि ओठांवर काळ्या रेघा, शाईचा बोरू फिरवल्यासारख्या. लोक तिला नाग समजतात आणि पळत सुटतात. मागे एक बँकवाले आले होते, बायकोला घेऊन. मी एवढंच म्हटलं, बाई, हळू बोला, ती दुपारची झोपलेली असते — तर त्या फाटकापर्यंत अनवाणी गेल्या. चपला राहिल्या त्या राहिल्याच. चांगल्या आहेत, मला होतात.

हा हौद. यात दिवड — अंगावर चौकटी चौकटी, सोंगट्यांच्या पटासारख्या. ती रागीट आहे, चावते, पण नुसतंच चावते, विषाचं म्हणाल तर आमच्या सूनबाईंच्या ‘आई, जेवलात का’मध्ये जास्त असेल. न्हाणीच्या मोरीत वाळा, तो गांडुळाएवढा, त्याला मोजायचंही नाही. तुम्ही काही लिहून घेत नाही आहात? आधीचे साहेब लिहून घ्यायचे — दोन-तीन ओळी लिहायचे, मग वही मिटायचे. तुम्ही आपले नुसते बघताय. बघा.

आणि भिंतीच्या फटीत कवड्या. त्याचं जरा नीट ऐका, कारण त्याचा आणि मण्यारीचा घोळ होतो, आणि मण्यार म्हणजे चावली तर गडी उठत नाही. दोघेही काळपट, दोघांवरही पांढरे पट्टे. पण कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे मानेपाशी नसतात, पुढे जाऊन ठसठशीत होतात. मला कसं ठाऊक? मारला ना मी एक. लग्न होऊन चार महिने झालेले, मोरीच्या तोंडाशी बसलेला, आणि हातात झाडू — झाडूचा दांडा घातला डोक्यात. मोठी शूर. आमचे हे वखारीत करवतीवर कामाला होते — ओंडक्यांबरोबर साप यायचेच, आणि आला की करवत थांबायची, सगळे बाजूला, कुठला आहे ते यांनी सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तर त्या माणसाच्या घरात मी कवड्या मारून ठेवला. ओरडले नाहीत. कागदावर आडवा ठेवला, माझं बोट धरलं आणि त्याच्या मानेवर टेकवलं — इथून सुरू होतात, म्हणाले. आणि मग आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. नवव्या दिवशी बोलले ते थांबलेच नाहीत, रोज संध्याकाळी एक साप, तोंडी. अक्षर एक येत नाही मला, पण साप विचारा.

थोरला नाही शिकला. त्याला सगळे साप सारखेच — त्याचा पाचवा मजला, तिथे पालसुद्धा विचारून येते. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे माझा पलंग बसतो म्हणे, माप घेऊन गेलाय, पलंगाचं की माझं ते काही मला कळलं नाही — अहो, ती कशाला उचललीत? ठेवा. उजेडात काय धरताय, कात आहे, एक्स-रे नाही. काय? घड्या? कसल्या घड्या.

...ताजी कात मऊ असते, हे तुम्ही मला सांगताय. बरं. कुणी शिकवलं तुम्हाला? आईने. बरं.

हळू धरा, कडेने तुटते. इकडे द्या ती. चार घड्या आहेत, कारण खिशात होती. यांच्या. वखारीतून आणायचे माझ्यासाठी, कुणाची ते मी ओळखायचं. त्या दिवशी यांनाच उचलून आणलं चौघांनी, शर्ट मी नंतर धुवायला काढला तेव्हा सापडली. धामणीची आहे, खवले बघूनच कळलं, पण कुणाला सांगणार. — साप? चार वर्षांत एक नाही दिसला. वखार बंद झाली, पलीकडे सगळं सिमेंट झालं, उंदीर गेले आणि त्यांच्या मागोमाग तेही गेले. माझ्याकडे ही एकच, डब्यात ठेवते, तुम्ही लोक यायचे असलात की सकाळी उंबऱ्याशी मांडते. सात जणांना पुरली.

हसू नका. हसताय का? — नाही. बरं.

लाकडं ठेवाल, हौद बुजवणार नाही — अंगणात उभं राहून सगळेच असं बोलतात. हे सांगा मला: मोरीच्या तोंडाशी पट्ट्यांचा साप आहे, तुमच्या हातात झाडू. काय कराल? ...झाडू खाली ठेवाल. आणि? ...लांबूनच. मान दिसली नाही तर? वेटोळ्यात घातली असेल तर? ...दार ओढून घ्याल आणि थांबाल. किती वेळ? ...तो जाईपर्यंत.

सातही जणांनी मारला असता.

हॉर्न वाजतोय, थोरला आला. फाटकातच गाडी लावतो तो, आत उतरत नाही. जा तुम्ही. काय ते हो-नाही त्याला सांगा, पण फाटकाबाहेर जाऊन सांगा, माझ्यासमोर नको. — नाही, चहा नाही मिळायचा. जा म्हटलं ना.