पहिल्या पानावरचा नंबर

मिलेना : किती वेळ वाजत होता फोन! मला वाटलं, जेवायला गेलात.

हॅल्वर : खालच्या मजल्यावर होतो, मिलेनाबाई. आता फोन घ्यायला मी एकटाच. बाकी सगळे गेले.

मिलेना : सगळे? मागे तर चारशे माणसं होती म्हणालात.

हॅल्वर : कंपनी विकली. घेणाऱ्याला इमारत हवी होती. आमची कॉम्प्युटरची भाषा नको होती.

मिलेना : अहो, माझी वॉटसनव्हिलची अख्खी शेड तुमच्या ‘सँडपायपर’ भाषेवर चालते. सफरचंद काट्यावर पडलं की कुठल्या पेटीत जायचं, ते माझा प्रोग्रॅम ठरवतो.

हॅल्वर : तुम्ही स्वतः लिहिलेला.

मिलेना : तुमचं पुस्तक पुढ्यात ठेवून. पहिल्या पानावर हा नंबर, अन् खाली : ‘अडलात तर भाषा बनवणाऱ्यालाच विचारा.’ मला वाटलेलं, थापा असतील.

हॅल्वर : हौसेनं छापलं खरं. पहिल्या वर्षी दिवसाला दोनदोनशे फोन. बायको वैतागायची. पण त्या फोनांवरच कंपनी वाढली. एकोणपन्नास डॉलरला भाषा, वर बनवणारा फुकट.

मिलेना : मग बुडाली कशानं?

हॅल्वर : नवे साहेब आले. म्हणाले, सफरचंदवाल्यांशी कसल्या गप्पा मारता, बँका धरा. किंमत दहापट केली, पुस्तकातनं नंबर काढला. बँका आल्या नाहीत, तुमच्यासारखे गेले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

मिलेना : अन् तुम्ही गप्प बसलात?

हॅल्वर : मला मोठी खोली दिली ना. समुद्र दिसतो. फोन तेवढा वाजेना.

मिलेना : बरं, माझं काम वेगळंच आहे. नवा कॉम्प्युटर घेतेय. पुतण्या म्हणतो, ही भाषा सोड, दुसरी शीक. मी म्हटलं, हॅल्वर सांगतील तसं.

(हॅल्वर पुस्तक ओढून पहिलं पान उघडतो.)

मिलेना : आहात ना?

हॅल्वर : आहे. चालेल तुमचा प्रोग्रॅम. एखादं वर्ष.

मिलेना : अन् पुढे?

हॅल्वर : पुढे अडलात तर विचारायला कुणी नाही. पुतण्याचं ऐका.

मिलेना : तुम्ही सांगताय हे?

हॅल्वर : तीन महिन्यांत या नंबरावर तुमच्याशिवाय कुणाचा फोन नाही, बाई. जीभ रेटत नव्हती. पण सोडा ती भाषा.

मिलेना : म्हणजे आता तुम्हाला फोन करायचं कारणच उरलं नाही.

हॅल्वर : शुक्रवारी लाईनही तोडताहेत. सफरचंदं कशी आहेत यंदा?

मिलेना : बारीक आहेत. पण गोड.

हॅल्वर : सांगा ना अजून. मला घाई नाही.