सईदा सिस्टरची बदली

…नाई नाई, तुमीच सांगा जी, एका बाईनं काय काय करावं? इकडे बाळंतीण कळा देऊन राह्यली, तिकडे साप चावलेला मानूस खाटेवर टाकून आणला, मधात मलेरियावाला थरथर कापते… अन् नर्स कोन? मीच! सलाईन मीच, सुई मीच, आमचा शिपाई इस्तारी सुट्टीवर असला का झाडूबी मीच! डॉक्टर सायबाले म्हणलं त खुर्चीतूनच, "दम धरा सिस्टर, मानूस येऊन राह्यला!"

कुठून येऊन राह्यला? पायी निंगाला काय?

तुमाले सांगते, माह्या बदलीचा हुकूम हाय, वडस्याचा. तिथी माह्या पोरीचे, शाजियाचे अब्बा कपडे शिवते, शाजिया तिथीच शाळेत. घरी गेली का पोट्टी मले पाहुणीवानी चहा विचारते जी! पण बदल्यात दुसरी आल्याबिगर मले सोडत नाई. अन् येते कोन? भरती निंगते, पोरी निवडते, एखादी एटापल्लीच्या पुढं इथपर्यंत पोचते, जंगल पाह्यते, हजेरीवर सही ठोकते अन् त्याच बसनं वापस! ड्रायव्हर त आता इंजनबी बंद नाई करत! सायेब? "दम धरा सिस्टर…"

मंग एकडाव सावली गावची डिंपल आली, नवी नर्स. उतरली अन् तोंडच पडलं तिचं. मी म्हणलं, सईदा, हे गेली त तू मेली! धावत जाऊन बॅगच हिसकली तिची. कोंबडी कापली. इस्तारीले म्हणलं, "वाघाचं नाव काढशील त याद राख!"

डिंपल विचारते, "सिस्टर, इथी करमते काय वो?"

"करमते? अवो, मले त घरी करमत नाई! लोकं देवमानसं, काम काईच नाई, इथूनच रिटायर व्हाव वाटते!"

जीभ कशी नाई झडली माही!

अन् पोट्टी राह्यली जी! हातबी चांगला. एका अडलेल्या बाईची सुटका केली तिनं, अन् मी खुशीत पेटी भरली. मंग पगाराच्या कामानं ते गडचिरोलीले गेली. तिथी मोठ्या सायबापुढं काय म्हणते? "सर, सईदा सिस्टरले जबरदस्तीनं काऊन हलवता? त्याइचा इथी जीव लागला जी! त्याइच्या जागी मी जाते न वडस्याले!"

झालं! वर्षानुवर्षं न हललेलं काम एका दुपारी! माही वडस्याची जागा डिंपलले, अन् मी इथीच! शाजियाले फोनवर सांगतलं त पोट्टीनं रडत फोनच ठेवला. मीबी रडली जी, एसटीडीवाल्यासमोर, खोटं काऊन सांगू?

अन् आमचे सायेब हसत आले! "सिस्टर, तुमी जंगल सोडत नाई म्हणून मोठे सायेब खूश! गडचिरोलीले तुमचा सत्कार ठेवला, शाल-नारळ!"

मी म्हणलं, "मी येऊ कशी जी? मागं वॉर्डात कोन हाय?"

सायबानं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. "हाव न वो, हे त सोचलंच नाई… तुमी राहा मंग. तुमची शाल मीच पांघरून येतो!"